शब्दावर चालणारी बँक

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. रिहे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात एक वाडी आहे. तिची नळयोजना माझ्यामुळे गेली.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला मी पाणीयोजनेच्या कामावर होतो. कर्ज परदेशी बँकेचं. वाडीने आपला वाटा, म्हणजे लोकवर्गणी, आधी भरायची असा नियम. वाडीतल्या देवळासमोर मी लोकांना समजावत होतो, की ही बँक अनेक देशांच्या सरकारांची आहे. प्रत्येक सरकार थोडे पैसे रोख भरतं, बाकीचे गरज पडली तर देऊ असा शब्द देतं, आणि त्या शब्दावर बँक बाजारातून पैसा उभा करते.

एक म्हातारी म्हणाली, "मंग सायेब, आमचंबी तसंच धरा की. थोडं रोख घ्या, बाकीचा शबुद."

"आजी, सरकारचा शब्द वेगळा."

"व्हय, त्यो भरल्या पोटाचा आसतो."

सगळे हसले. मला राग आला. खरं तर वर्गणी अंगमेहनतीनेही भरता येत होती. त्यांनी पाइपांसाठी चर खणून दिले असते. पण त्याची मापं घ्यायला मला रोज डोंगर चढावा लागला असता, म्हणून मी ते सांगितलंच नाही. पैसे जमले नाहीत. योजना खालच्या गावाला गेली.

पुढच्या उन्हाळ्यात म्हातारी ओढ्याच्या वाटेवर हंडा घेऊन भेटली. "आमचंच पैसं कमी पडलं, सायेब," म्हणाली. मी नुसती मान हलवली.

चूक तुमची नव्हती, हे त्या वाडीत जाऊन सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.