चव शोधत नळदुर्गपर्यंत

धाराशिवला उतरलो तेव्हा स्टँडबाहेर फोडणीचा वास सुटला होता. मी तो छातीभर घेतला, बाबांनी नुसता चष्मा पुसला. मोठ्या तापानंतर त्यांच्या तोंडाची चवच गेली होती. जन्मभर प्रत्येक ताटाला नावं ठेवणारा हा माणूस आता पुढ्यात येईल ते औषधासारखं गिळायचा आणि दिवसेंदिवस वाळत चालला होता. डॉक्टर म्हणाले, चव येईल हळूहळू. मला धीर निघेना. मराठवाड्याच्या जेवणानं तरी जीभ जागी होईल, म्हणून त्यांना घेऊन निघाले होते.

आधी एका छोट्या हॉटेलात सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपम्यासारखा प्रकार) खाल्ला. हिरवी मिरची, दाण्याचं कूट, वर लिंबू. मी दोन बशा हाणल्या. बाबा म्हणाले, "मऊ आहे." पुढच्या गल्लीत खव्याचे गुलाबजाम मिळाले. इतके सुरेख गुलाबजाम मी कुठल्या मोठ्या शहरातही खाल्लेले नाहीत. बाबा म्हणाले, "गरम आहेत." माझा जीव तुटला.

तुळजापुरात देवीपुढं मागायचं ते मागितलं आणि नळदुर्गची बस पकडली. खिडकीतून ज्वारीची हिरवी रानं बघताना भूक पुन्हा खवळली. नळदुर्गला हमरस्त्यावरच्या एका ढाब्यासमोर बरेच ट्रक उभे दिसले, तिथंच शिरलो. चूल सांभाळणाऱ्या मावशींनी ज्वारीची भाकरी, ठेचा आणि येसर (भाजलेली धान्यं व मसाले दळून केलेलं पीठ) घातलेली आमटी वाढली. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी माझा हात थांबेना.

बाबांनी भाकरी कुस्करली, घास घेतला आणि थांबले. मग कपाळाला आठ्या घालून मोठ्यानं म्हणाले, "येसर करपलंय."

ट्रकवाले वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मावशी, मनावर घेऊ नका. आजारपणानं चव गेलीय त्यांची."

मावशी कमरेवर हात ठेवून बाबांकडं बघत राहिल्या. "चव गेली म्हणता? सकाळी भाजताना फोन आला अन् थोडं लागलंच की ओ! लई माणसं जेवून गेली, एकाला कळलं न्हाय. काका, तुमी कसं वळखलं?"

मी भर ढाब्यात रडायला लागले.

"रडतेस काय? तो ठेचा सरकव इकडं," बाबा म्हणाले.

धाराशिवकडं कुठं जेवावं असं कुणी विचारलं, की मी अजूनही याच ढाब्याच्या खुणा सांगते. त्याहून चांगली आमटी तिकडं मिळत असेलही, मला तिच्याशी काही देणंघेणं नाही.

घरी पोचलो त्या संध्याकाळी बाबा पहिल्या घासालाच म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे." आई ताटावरून उठली आणि देवापुढं साखर ठेवून आली.