इंजिन बंद ठेवून भरलेलं तेल

त्या गाडीचा गिअरबॉक्स तिच्या मालकानं नाही, मी बिघडवला. आणि तो त्यानंच बिघडवला असं मी त्याच्या आईला डहाणूच्या मासळी बाजारात, चार बायकांसमोर सांगितलं. पहिली चूक हातून झाली. दुसरी मी केली.

तलासरीला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. उमेदीची वर्षं ट्रकखाली आडवं पडून गेली. अलीकडे ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या, तेव्हा वापीला जाऊन ते काम शिकलो, स्कॅनर घेतला, बोर्डावर तसं रंगवूनही घेतलं.

हा मुलगा तिशीतला, डहाणूच्या मच्छीमार घरातला. वडिलांचे गुडघे गेल्यापासून बोटीचं सगळं आई ठरवते. ती बाजारात सुकी मासळी विकते. मी तिला मावशी म्हणतो. मुलानं जुनी पण दांडग्या ताकदीची ऑटोमॅटिक जर्मन गाडी घेतली होती. पाय जरा दाबला की पाठ सीटला चिकटायची. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या दिवसांच्या सुरुवातीला त्यानं गाडी माझ्याकडे सर्व्हिसला आणली आणि मी गिअरबॉक्सचं तेल बदललं.

काही आठवड्यांनी तो परत आला.

"काका, पुलाच्या चढाला गाडी नुसती ओरडते, ओढत नाही. जोरात वळवली तरी तेच."

मी एक फेरी मारली. चढावर पाय दाबला तसा इंजिनाचा काटा सरकन वर गेला आणि गाडी होती त्याच वेगात राहिली. गिअर घसरत होता, यात शंका नव्हती.

"रेस मारून मारून क्लचच्या प्लेटा जाळल्यास," मी म्हणालो.

"मी तशी चालवतच नाही."

"मग ही गाडी काय गुळाच्या ढेपा वाहायला घेतलीस?"

तो हसला नाही. मी मात्र माझ्या बोलण्यावर खूश होतो. तरुण मुलगा, अशी गाडी, समोर मोकळा हायवे. आणखी काय तपासायचं? तेलाची पातळी बघायला हवी होती. तेल मीच बदललेलं, म्हणून ते मनातही आलं नाही. दुसऱ्या गॅरेजमधून आलेली गाडी असती तर पहिलं तेच पाहिलं असतं. प्लेटा मागवतो, तोवर हळू चालव, असं सांगून मी त्याला वाटेला लावलं.

त्याच आठवड्यात मी डहाणूच्या बाजारात सोडे घ्यायला गेलो. मावशीनं मला लांबूनच हाक मारली.

"मिस्त्री, माझ्या पोराची गाडी कशानं बिघडली रे?"

"गाडी नाही बिघडली मावशी, पोरगा बिघडलाय. उडवून उडवून गिअरबॉक्स जाळला त्यानं."

शेजारची बाई बोंबलांच्या ढिगाआडून म्हणाली, "गाडी जाळली, आता बोट बुडवील!"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. मावशी हसली नाही. तिनं सोडे कागदात बांधले आणि पुडी माझ्या हातात दिली. "खरं सांगतोस ना?" एवढंच तिनं विचारलं.

"मी कशाला खोटं सांगू?"

त्यानंतर एका सकाळी गाडी जागची हललीच नाही. टेम्पोवर चढवून ती माझ्याकडे आणली. स्कॅनर लावला, त्यानं गिअर धरत नाहीत एवढंच सांगितलं, ते मलाही दिसत होतं. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणून खाली टब लावून तेल सोडलं. काळं पडलेलं, करपल्या वासाचं तेल आलं. जोराची धार, मग बारीक धार, मग थेंब, आणि एरवी भरत येणारा टब अर्धाही भरला नव्हता.

गळती शोधली. गाडीच्या पोटावर सगळीकडे कोरडी धूळ होती. सील कोरडे, बोल्ट कोरडा. तेल कुठे गेलं नव्हतं. ते आधीपासूनच कमी होतं.

मग त्या दिवसाचं काम आठवलं. ट्रकच्या गिअरबॉक्सला इंजिन बंद ठेवून तेल भरतात. भरायच्या भोकातून बाहेर वाहायला लागलं की भरलं. ऑटोमॅटिकचं तसं नाही. इंजिन बंद असताना वरचं बरंचसं तेल खाली चेंबरमध्ये उतरून बसतं, त्यामुळे भोकातून लवकर वाहायला लागतं. इंजिन सुरू झालं की ते वर ओढलं जातं आणि खालची पातळी पडते. म्हणून इंजिन चालू ठेवून, तेल जरा कोमट झाल्यावर शेवटचं भरायचं असतं. हे मला शिकवलं होतं. इतरांनाही मी सांगत असे. पण त्या दिवशी बाहेर एक ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, आणि माझ्या हातांनी जुन्या सवयीप्रमाणे काम उरकलं. भोकातून धार आली, मी बोल्ट घट्ट केला, हात पुसले आणि बाहेर गेलो. मुलगा त्यानंतर गाडी साधीच चालवत होता. चढावर आणि वळणावर उरलेलं तेल एका बाजूला जायचं, पंपात हवा यायची आणि प्लेटा घासायच्या.

मी गिअरबॉक्स उघडला. एका संचाच्या प्लेटा काळ्या पडल्या होत्या, बाकीच्या वाचल्या होत्या. प्लेटा, सील, फिल्टर नवीन टाकले. या वेळी इंजिन चालू ठेवलं, ब्रेकवर पाय ठेवून प्रत्येक गिअर थोडा थोडा वेळ लावला, स्कॅनरवर तेलाचं तापमान पाहिलं आणि मग वरून तेल सोडत राहिलो, भोकातून दोऱ्यासारखी धार येईपर्यंत. त्याच चढावर गाडी नेली. गिअर असा पडला की कळलंही नाही.

खर्च मी माझ्याकडे घेतला. ते सोपं होतं.

मुलगा गाडी न्यायला आला तेव्हा त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं, "असं कसं काका, काहीच नाही घ्यायचं?" मी म्हणालो, "तुमचं-आमचं जुनं आहे." मग गाडीच्या छतावर हात ठेवून तो सहज म्हणाला, "आईनं बोट या वर्षी चुलत भावाकडे दिली. तांडेल तो."

तांडेल म्हणजे बोटीवर ज्याचा शब्द चालतो तो. जाळं कुठे टाकायचं, कधी माघारी फिरायचं, वाऱ्याचं काय करायचं, सगळं तो ठरवतो. वडिलांनंतर हाच होणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"का?" मी विचारलं, जणू मला माहीतच नव्हतं.

"म्हणते, गिअरबॉक्स जाळणारा इंजिनही जाळील. सात माणसांचा जीव तुझ्या हाती कसा देऊ?" तो हसला. "बघू. पुढच्या वर्षी."

बोलायची वेळ तीच होती. मी त्याला किल्ली दिली आणि म्हणालो, "आता जपून चालव."

तो "हो काका" म्हणून निघून गेला. ते "हो काका" मला सोसवलं नाही. गॅरेजात बसवेना, जेवताना बायकोशी बोलवेना. नारळी पौर्णिमा जवळ आली होती, मग बोटी निघणार होत्या. शेवटी एका सकाळी गॅरेज बंद ठेवून मी डहाणूला गेलो.

मावशी तिच्या जागेवर होती, त्या शेजारणीही होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, त्या ऐकतील अशा आवाजात. तेल मी कमी भरलं होतं, पोराचा काही दोष नव्हता.

"आज कळलं तुला?" मावशीनं विचारलं.

"नाही. गिअरबॉक्स उघडला त्या दिवशीच."

तीच बोंबीलवाली शेजारीण म्हणाली, "बाई गं, आणि पोराला मेल्यासारखं केलंन याने!" या वेळी कोणी हसलं नाही.

"बोट पुन्हा त्याला द्या, मावशी."

"शब्द दिलाय पुतण्याला. तू बोललास म्हणून मोडू, आणि उद्या तू आणखी काही बोललास की परत जोडू? बोट काय तुझं गॅरेज आहे?" तिनं माशा हाकलल्या. "पुढच्या सालाचं पुढच्या सालाला. आणि मला काय सांगतोस? मी थोडीच गाडी चालवते. तो खाडीवर आहे, जा."

खाडीवर बोटीला रंग देणं चाललं होतं. तो बाजूला खाली बसून जाळं विणत होता. चुलत भाऊ आणि आणखी दोघं-तिघं वर फळ्यांवर होते. मला पाहून तो उठला.

"काय झालं काका? गाडी तर मस्त चालतेय."

"गाडीचं नाही," मी म्हणालो. वरच्यांचे ब्रश थांबले होते. "गिअरबॉक्स तू जाळला नाहीस. तेल मी कमी भरलं होतं. तू गाडी न्यायला आलास तेव्हा मला ते माहीत होतं, तरी तुला जपून चालव म्हणालो. बाजारात तुझ्याबद्दल बोललो ते न तपासता बोललो. बोट तुझ्या हातून माझ्यामुळे गेली. माझं चुकलं, मला माफ कर."