अष्टमीला काढलेला नकाशा

सुभद्रा मेथर हिला घड्याळ कळत नाही, असं तिचा मुलगा सत्यवान चारचौघांत हसत सांगतो. ते खरं नाही. घड्याळ तिला चांगलं कळतं, फक्त त्याच्यावर तिचा भरवसा नाही. सुकती, म्हणजे ओहोटी, आज किती वाजता लागेल, पाणी किती मागे हटेल, खाडीत उतरायचं की अंगणात बसून खोबरं वाळवायचं, हे सगळं ती तिथीवरून ठरवते. साठी आली तरी तिथीने तिला एकदाही फसवलेलं नाही. फसवलं ते घड्याळवाल्यांनी, आणि तेही भरसभेत.

तिची खारवाडी मिठबावच्या पुढे, खाडीच्या मुखाशी आहे. पाणी पुरतं हटलं की खाडीच्या मधोमध वाळू-चिखलाचा एक लांबरुंद पट्टा वर येतो. वाडीतल्या बायका तिथे वाकून वाकून मुळे आणि तिसऱ्या काढतात. शिंपल्यांतली ही मासळी खायला सगळ्यांना आवडते, काढायला मात्र पुरुष तिकडे फिरकत नाहीत. कंबरेचे टाके ढिले करणारं काम ते. म्हणून त्या पट्ट्याला 'बायलांचो दांडो' असं नाव पडलं. हे नाव कुठल्याही कागदावर नाही. सुभद्रा लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूने तिच्या हातात टोपली देऊन तिला तिथे उभं केलं होतं, आणि तेव्हापासून पाठ दुखली नाही असा एक दिवस तिला आठवत नाही. तरी दांड्यावर गेली की ती गाणी म्हणते.

तर या खाडीत जेटी मंजूर झाली. सत्यवान होडीवाल्यांच्या संस्थेचा सेक्रेटरी, त्याने दहा वर्षं त्यासाठी खेटे घातले होते. सुकतीला होड्या आत येत नाहीत, मुखाबाहेर नांगर टाकून ताटकळत राहावं लागतं, आणि वारा फिरला तर तिथे काही खरं नसतं. आता खाडीचा गाळ उपसून वाट खोल करायची होती. पण गाळ उपसायचा तर तो टाकायचा कुठे, त्याने कुणाचं काय बिघडेल, ते बिघडू नये म्हणून काय करायचं, याचा आराखडा आधी लागतो, आणि आराखडा करताना तिथल्या माणसांना विचारावं लागतं. हे काम घेऊन कौस्तुभ नावाचा तिशीतला इंजिनियर पुण्याहून आला. पोरगा मनापासून काम करणारा होता, त्याच्या नावाने बोटं मोडण्यात काही अर्थ नाही.

सभा शाळेत भरली, सकाळी अकराला. कौस्तुभने पडद्यावर नकाशा लावला. खाडी निळी, जेटी लाल, आणि खाडीच्या मधोमध रेघारेघांची एक चौकट. उपसलेला गाळ इथे टाकायचा, म्हणाला. पुढच्या रांगेतल्या पुरुषांनी माना डोलावल्या. मागून सुभद्रा उठली.

"आमचो दांडो खंय?"

"कुठला दांडा, काकी?"

"जंय तुम्ही गाळ टाकूचो म्हणतास, थंय."

"तिथे पाणीच आहे, काकी. आम्ही ओहोटीची वेळ बघून गेलो होतो. हा बघा फोटो." फोटोत कौस्तुभ स्वतः होता, नारिंगी जाकीट घालून, मांडीभर पाण्यात, हातात मोजायची काठी घेऊन.

सुभद्रा पडद्याजवळ गेली आणि विकत घ्यायचा मासा निरखावा तसा तिने तो फोटो निरखला. "ह्यो खंयच्या तिथीचो?"

फोटोवर तारीख होती, तिथी नव्हती. कुणीतरी शाळेच्या भिंतीवरचं कॅलेंडर उलटून पाहिलं. अष्टमी निघाली.

"मग पाणीच दिसतला," सुभद्रा म्हणाली. अष्टमीला भांगाचं पाणी. भरती अर्धीमुर्धी, सुकतीही अर्धीमुर्धी. त्या दिवशी दांडा डोकंच वर काढत नाही. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली ही गोष्ट पुण्याच्या ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हती, आणि ती सांगावी असं वाडीतल्या कुणाला सुचलं नव्हतं.

कौस्तुभ गडबडला, पण त्याच्याकडे दुसरा कागद होता. ज्यांच्या पोटापाण्यावर परिणाम होईल त्यांची यादी. "पण काकी, तिसऱ्या काढणारं यात कुणीच नाही. बेचाळीस होड्या आहेत, सहा घरगुती खानावळी आहेत. संचिता घरोघर फिरून माहिती घेऊन गेली होती."

संचिता ही कुडाळची मुलगी, कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली होती. तिने निमूट यादी मोठी केली. सुभद्रा मेथर, व्यवसाय : घरकाम. खाली कार्मीन फर्नांडिस, घरकाम. त्याखाली आणखी एकोणतीस बायका, सगळ्यांच्या नावापुढे घरकाम.

सुभद्रेला तो दिवस लख्ख आठवला. ती पायरीवर बसून विळीवर तिसऱ्या उघडत होती. पोरीने विचारलं, "काकी, तुम्ही काय करता?" आणि ही म्हणाली होती, "मी काय करतलंय? मी काय्येक करनंय नाय, घरातच आसतंय." वर त्या पोरीला तिसऱ्यांचं सुकं वाढलं होतं, तिने दोनदा मागून घेतलं होतं. चाळीस वर्षं कंबर मोडून केलेल्या कामाला तिने स्वतःच काहीच नाही म्हटलं होतं. सुभद्रेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आये, बस खाली," सत्यवान दबक्या आवाजात म्हणाला. "जेटी हातची जायत."

सुभद्रा बसली नाही. "चूक माझी," ती कौस्तुभला म्हणाली. "म्हणान दांडो नायसो होणा नाय. तुम्ही अमावशेक येवा. सांजचे पाच वाजता."

"अमावशेक कोण सभा लावता गो?" सरपंचांनी कपाळाला हात लावला.

"दर्यान लावलेली सभा ती. मी काय करू?"

सगळी शाळा हसली, कौस्तुभही हसला आणि त्याने डायरीत तारीख टिपली.

घरात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. सत्यवान दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी जेवताना बोलला. गाळ खाडीत टाकायचा नाही, तर तो वरच्या चिऱ्यांच्या जुन्या खाणीत न्यावा लागणार. त्यासाठी नव्या परवानग्या, नवा रस्ता, म्हणजे जेटीचं काम वर्षभर पुढे. "मागच्या वर्षी नांगर तुटलो तेव्हा मी कसो वाचलंय, तां तुका म्हायत आसा ना?" त्याने विचारलं. सुभद्रेला माहीत होतं. त्या दिवशी ती बंदरावर उभी राहून देवाला काय काय बोलली होती, ते तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पोराचं म्हणणं खोटं असतं तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावून मोकळी झाली असती. ते खरं होतं आणि तिचंही खरं होतं. तिने त्याच्या पानात आमटी वाढली.

अमावस्येला साडेचारच्या सुमारास दांड्याची पाठ दिसली, आणि पाचपर्यंत तो जवळजवळ सगळा उघडा पडला. उथळ पाण्यात चालेल अशी होडी सत्यवानाचीच होती, त्यामुळे सेक्रेटरी म्हणून साहेबांना न्यायची पाळी त्याच्यावरच आली. कौस्तुभ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरला आणि जागीच थांबला. ज्या ठिकाणी त्याने पाणी मोजलं होतं, तिथे एकतीस बायका वाकून चिखल उकरत होत्या. सत्तरी ओलांडलेली कार्मीन गुडघे धरतात म्हणून पालथ्या बादलीवर बसून उकरत होती. संचिता नवे फॉर्म घेऊन एकेकीपाशी गेली. या खेपेला तिने व्यवसाय विचारलाच नाही. सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा, एवढंच विचारलं, आणि लिहिता लिहिता तिचा हात दुखायला लागला.

कौस्तुभने सुभद्रेच्या हातात मोबाईलएवढं एक यंत्र दिलं. ते घेऊन कडेकडेने चालत गेलं की दांड्याचा नकाशा आपोआप उमटतो, म्हणाला. सुभद्रा चालली. चालताना सांगत गेली. हंय मुळे जाड, हंय लहान पिल्लां, ती उकरायची नाहीत, हंय माझी सासू बसायची. पलीकडचा एक कोपरा निम्मा पाण्यात होता, कौस्तुभ म्हणाला तो सोडला तरी चालेल. "थंय कार्मीन बसता," सुभद्रा म्हणाली आणि साडी खोचून घोटाभर पाण्यातून त्या कोपऱ्याला वळसा घालून आली. तिला त्या क्षणी फार आनंद झाला होता, आणि तो तिच्या चालीत दिसत होता.

यंत्राने हिशेब केला. "साडेसहा एकर," कौस्तुभ म्हणाला.

बायका उकरायच्या थांबल्या. वाडीत एवढी जमीन कुणाचीच नव्हती, सरपंचांचीसुद्धा नाही.

"परत सांग रे बाबा," कार्मीन म्हणाली. कौस्तुभने परत सांगितलं. तिने छातीवर क्रूस केला आणि शेजारणीला कोपराने ढोसलं.

मग कौस्तुभने होती ती गोष्ट सरळ सांगितली. नकाशा तो बदलेल, यादीही बदलेल. गाळ खाणीत नेता येईल, पण वर्ष जाईल, आणि होडीवाल्यांनी हरकत घेतली तर वरिष्ठ जुनाच आराखडा पुढे रेटतील. सगळ्या बायका सत्यवानाकडे बघू लागल्या. सुभद्रेने तेवढं पाहिलं नाही. मुलाला कोंडीत पकडायची तिची इच्छा नव्हती. ती पाण्याकडे बघत राहिली.

सत्यवान घोट्यापर्यंत चिखलात उभा होता. मिसरूड फुटल्यापासून त्याने इथे पाऊल ठेवलं नव्हतं. "साहेब," त्याने विचारलं, "एकच वर्ष मा? दोन तर नाय?"

"एकच. तसं मी लिहून देतो."

"मग लिवा. होडीवाल्यांची हरकत नाय."

बायकांनी एकदम गलका केला. कार्मीन बादलीवरून उठून परत बसली. सुभद्रेला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"आता रडतस कित्याक, आये? तुझो दांडो रवलो."

"तुका अजून एक वरस भायर नांगर टाकून रवाचा लागतला म्हणान."

पाणी फिरलं होतं, भरती लागली होती. सत्यवानाने आईची टोपली उचलून खांद्यावर घेतली आणि दुसऱ्या हाताने कार्मीनला धरून दोघींना होडीकडे नेलं.