गाढवचोरीची फिर्याद

निमोण्याच्या जाईबाई म्हणजे तालुक्याच्या विधी सेवा समितीच्या स्वयंसेवक. कायद्याची पुस्तकं त्यांनी फारशी वाचली नव्हती, पण अडलेल्या माणसासोबत पोलीस चौकीत जाऊन बसायच्या. बसल्या की काम होईतो उठायच्या नाहीत. त्या दिसल्या की हवालदार आपणहून पंख्याखालची खुर्ची द्यायचे.

मागच्या वर्षी एका दुपारी चौकीतून निरोप आला, एक पोरगी गाढव चोरताना सापडलीय. जाईबाई पोचल्या, तर विशीतली करुणा बाकावर पाय धरून बसलेली आणि गाढव बाहेर लिंबाला बांधलेलं. करुणा यवतमाळकडची. कंपनीत नोकरी लावतो म्हणून एका एजंटानं तिला आणलं होतं आणि घोड नदीकाठच्या वीटभट्टीवर सोडून तो पसार झाला होता.

"पायावर वीट पडली होती जी, चालता येत नव्हतं," ती रडत म्हणाली. "म्हणून गाढवावर बसली. मला आता जेल होते का?"

भट्टीचे मालक रखमाजीशेठ तावातावानं फिर्याद सांगत होते.

"शेठ, दमानं," जाईबाई म्हणाल्या. "पहिल्यापासनं सांगा. आन् हवालदार, शेठ सांगत्याल तसंच लिवा. काना-मात्रा सोडू नगा."

शेठ खूश झाले. "मी खोलीला भायेरनं कुलूप लावून जेवाय गेलो. ही पत्रा उचकटून पळाली."

"कुलूप रोजचं का?"

"रोजचंच! न्हाईतर टिकतंय व्हय कुणी? आधार कार्ड माझ्या कपाटात, मोबाईल माझ्याकडं. सा म्हैन्यात घरी जाऊ दिली न्हाई. एवढा बंदोबस्त, तरी गाढव घिऊन गेली!"

हवालदाराचं पेन थबकलं.

"लिवा की!" शेठ खेकसले. "एजंटाकडनं रोख इकत घेतलीय मी तिला!"

सगळं लिहून झालं. शेठनी झोकात सही ठोकली. मग हवालदारांनी मजकूर वाचून दाखवला. चौथ्या ओळीला शेठ उठून उभे राहिले.

"आरं, ह्यो तर माझ्यावरच गुन्हा झाला!"

"व्हय," जाईबाई म्हणाल्या, "तुम्हीच सांगितला. कोंडलेलं माणूस जीव घिऊन पळालं, तर त्ये चोर नसतं. कायदा तिच्या बाजूचा हाय."

"पण गाढवाचं काय करू?" हवालदार खरंच गोंधळले होते.

"त्याचा जबाब नगा घिऊ. चारा टाका."

हसू आलं तरी प्रकरण काही तिथंच मिटलं नाही. चोरीची तक्रार निकाली काढायला आणि प्रांतसाहेबांकडून वेठबिगारीतून मुक्त झाल्याचा दाखला मिळवायला दोन महिने गेले. तोवर करुणा जाईबाईंच्या घरीच राहिली. सुरुवातीला ती दार लोटलं तरी दचकायची. जाईबाईंनी मग दाराची कडीच काढून टाकली. शेठ आणि एजंटावर खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे.

दाखला हाती आला, तेव्हा जाईबाई तिला शिरूरच्या स्टँडवर सोडायला गेल्या. कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचं?"

"यवतमाळ! माह्या घरी!" करुणा इतक्या मोठ्यानं ओरडली की झोपलेला ड्रायव्हर दचकून जागा झाला.