छुट्टी मिळेपर्यंत

"मधली जागा खाली ठेवू नका!"

सक्करदऱ्याच्या मैदानावर पहाटे ही आरोळी आली, की सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं सरकून रांग जुळवत. ओरडणारे आमच्या गल्लीतले रिटायर्ड हवालदारकाका. मी पोट कमी करायला जायचो. पोट तसंच आहे. पोरांची रांग मात्र दरवर्षी आखूड होत गेली.

"चार वर्षांच्या नोकरीसाठी कोण धावणार, काका?" मी एकदा शहाणपणा केला.

"तू तर फुकटातही धावून नाही राहिला," काका म्हणाले.

त्यांचा मुलगा उत्तरेकडच्या सीमेवर. लग्न ठरलेलं. पण पलटणीत माणसं कमी, बदलीची तुकडी लांबलेली. छुट्टी दोनदा मंजूर होऊन रद्द झाली. माझं बिछायत केंद्र, मांडव-खुर्च्या भाड्यानं देण्याचं. मंजुरी ऐकताच दोन्ही वेळा मी उत्साहानं मांडव घालून मोकळा. दुसऱ्या मांडवात गल्लीतल्या गाई आठवडाभर सावलीला बसल्या.

शेवटी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, नवरदेवाशिवायच उरकायचं ठरलं. खुर्च्या लावून दमलो, म्हणून त्यातल्या फुलं लावलेल्या खुर्चीत जरा टेकलो. डोळा लागला. जाग आली ती मुलीच्या मावशीच्या आवाजानं.

"काहून वं बाई, फोटोत तर नवरदेव जवान दिसत होता!"

सगळा मांडव हसला. मी उठू लागलो, तर काकांनी खांदा दाबला.

"बस गा. तिकडं माझा पोरगा दोघांची ड्युटी करून राहिला. तू एकाची कर."

मुलीचे वडील तेवढे हसले नाहीत. "आखाजीपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "मग दुसरं स्थळ पाहीन."

अक्षयतृतीया तोंडावर आली. छुट्टी नाहीच, मुलाला दोन दिवस खालच्या छावणीत उतरू देऊ, एवढाच निरोप आला. काका तडक मुलीच्या घरी गेले. मी सोबत होतोच.

"पोरगा येऊ शकत नाही. आपण जाऊ."

वडील पंख्याकडे बघत राहिले. आतून मुलगीच म्हणाली, "बाबा, तिकिटं काढा."

निघताना काकांनी मैदानावरची शिट्टी माझ्याकडे सोपवली. दुसऱ्या पहाटे मी ती जोरात फुंकली, तर पोरांच्या आधी दोन कुत्री धावत आली.

काही दिवसांनी काकांचा फोन आला.

"छावणीतल्या मंदिरात लागलं लग्न. आज सकाळी पोरगा परत वर गेला."

"सून रडली असेल."

"नाही गा. ती गाडीले हात दाखवून राहिली होती. मलेच गाडी नीट दिसली नाही."