पटावरचा बारावा

आमच्या गावच्या सरकारी हायस्कूलचा पट यंदा अकरा आहे. मागच्या जूनपर्यंत बारा होता. बारावा माझा नातू. त्याचा दाखला मीच सही करून काढला.

मुलगा मुंबईला असतो. पोराला इंग्रजी शाळेत घालायचं ठरवलं आणि मला फोन केला. मी चौथी शिकलेली, सही येते. हेडमास्तर म्हणाले, "आजी, जरा थांबा." मी म्हटलं, "बापाने ठरवलंय, मी काय थांबू?" नातीला त्याने माझ्याकडेच ठेवलं. खोली लहान आहे, म्हणाला. ती आता नववीत आहे.

गावची कुठलीही सभा गणपतीत होते, कारण तेव्हाच सगळी घरं उघडी असतात. यंदा देवळात हेडमास्तरांनी सांगितलं, वरून पत्र आलंय. पट वाढला नाही तर जूनपासून शाळा बंद, मुलांनी डोंगरमाथ्यावरचा कातळाचा सडा ओलांडून पलीकडच्या गावात जायचं. "मुंबईकरांनी एकेक मूल इथे ठेवा," म्हणाले. मग मी उठले. ही शाळा बांधताना आम्ही बायकांनी डोक्यावरून चिरे वाहिलेत, म्हटलं. पोरांना ठेवा, मी जेवू घालीन.

मागून एक चाकरमानी बोलला, "काकी, तुझा नातू कुठल्या शाळेत गो?"

लोक हसले. माझा मुलगा टाळांची दोरी सोडवत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, "पोराला ठेव इथे."

"आये, काहीतरीच काय? त्याचं आता सगळं इंग्रजीत चाललंय."

"मग पोरीचं काय?"

"नववी होतेय ना तिची? बस झालं. तुला पण हाताखाली कोणतरी हवं."

नात मागच्या दारी भांडी घासत होती. आवाज थांबला. थोड्या वेळाने परत सुरू झाला.

मुंबईकर गेल्यावर एका रविवारी मी तिला घेऊन सडा चढले, शाळेची ती वाट कशी आहे ते बघायला. वर घर नाही, झाड नाही. एसटी शाळेच्या वेळेला नाही. तिच्या वर्गातल्या दुसऱ्या दोघी जयगडला मामांकडे जाणार आहेत. हिला मामा नाही. एकटीला पाठवायची ती वाट नव्हे. जाताना मी दोनदा बसले, येताना किती वेळा ते मोजलं नाही. ती पुढे जाऊन उभी राहायची, मागे बघायची.

घरी आल्यावर तिने विचारलं, "आजी, रोज येशील ना गो माझ्याबरोबर?"

मी हो म्हटलं. रात्री गुडघे इतके सुजले की दुसऱ्या दिवशी विहिरीवर तीच गेली. जूनला अजून वेळ आहे. मला जमणार नाही, हे मला त्याच दिवशी कळलं. तिला मी अजून सांगितलेलं नाही.