उपाशीपोटी

सुभेदारीणकाकींना नवऱ्याची साखर तोंडपाठ होती. उपाशीपोटीची किती, जेवणानंतरची किती, गेल्या वर्षी किती, सगळं. पलूसजवळच्या आमच्या गावात कुणी "काका कसे आहेत?" असं विचारायचा अवकाश, काकी आकडे सांगत आणि शेवटी म्हणत, "सायेब अजून शेप-वन हायेत!" लष्करात पूर्ण तंदुरुस्त जवानाला शेप-वन म्हणतात. त्यांचं स्वतःचं वजन विचारलं तर मात्र उत्तर ठरलेलं, "मला काय बाजारात इकायचंय?"

सुभेदारकाकांना निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, पण दरवर्षी सगळी तपासणी करून घ्यायची लष्करातली सवय सुटली नव्हती. मी सांगलीच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला लागले, तेव्हापासून दोघं माझ्याकडेच येत. सकाळच्या पहिल्या गाडीनं. काकांनी रात्रीपासून काही खाल्लेलं नसे आणि काकींनीही नसे. "सायेब उपाशी आन् मी भाकरी खाऊ व्हय?" मला त्याचं भारी कौतुक. मी सोबतच्या मुलींना सांगत असे, बघा, संसार असा असतो. सुई माझ्या हातात, समोर उपाशीपोटी आलेली पंचावन्न वर्षांची बाई, आणि मी कौतुक करत बसलेली. अक्कल गहाण टाकली होती मी.

काकी बोलक्या. बाहेर बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांनाही त्या दटावत, "मालकास्नी दरसाल तपासून घ्या गं बायांनो. दुखाय लागल्यावर गेलं तर डाक्टर तरी काय करंल?" आमच्या डॉक्टरांनीही इतकं सोपं करून कधी सांगितलं नसेल. बायका माना डोलवत. त्या तरी स्वतःसाठी कुठे आल्या होत्या!

अधूनमधून काकी म्हणत, "लय तहान लागती गं मला." मी म्हणे, "ऊन किती आहे काकी!" पायाला मुंग्या येतात म्हणाल्या, तर मी त्यांना चप्पल बदलायला सांगितलं. परक्या माणसानं हेच सांगितलं असतं तर मी त्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं असतं.

एका वर्षी काकांचं रक्त घेऊन झालं. बाही खाली करत ते बाहेर गेले. काकी त्याच खुर्चीवर टेकल्या, बांगड्या मागे सारल्या आणि हात पुढे केला. "घे माझं बी. आलोयच तर." हसत होत्या. दारात रांग लागली होती. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी नक्की हं, काकी."

"बरं बाई," म्हणून त्या उठल्या.

पुढच्या वर्षाच्या आधीच त्यांना यावं लागलं. शेतात पायाला लागलेलं महिना झाला तरी भरेना. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांचं रक्त काढलं. आकडा बघून वाटलं, यंत्र बिघडलंय. पुन्हा तपासलं. आकडा तोच. साखर कित्येक वर्षं आत मुरत होती आणि मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली होती. डायलिसिसवर त्यांनी दीड वर्ष काढलं. तिथल्या खाटेवरूनही मला विचारत, "सायेबांनी काय खाल्लं का गं?" माझ्यावर त्या एकदाही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

काकी वारल्यावर काका गेल्या महिन्यात एकटेच तपासणीला आले. मला राहवेना. काकींनी हात पुढे केला होता आणि मी त्यांना पुढच्या वर्षाचं सांगितलं होतं, ते सगळं बोलून टाकलं. "काका, त्या दिवशी मी चुकले," म्हटलं.

काकांनी बाही खाली केली.

"भाईर येऊन मला बी म्हनली हुती," ते म्हणाले. "म्हनली, माझं बी तपासूया का? मी म्हनलं, तुला काय धाड भरलीया? चल, यष्टी चुकंल."

पलूसला जायला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गाड्या होत्या.